पाण्याच्या चालीने

आप्पांइतका हळू सायकल चालवणारा माणूस पुणे शहरात झाला नाही आणि पुढे होण्याची शक्यता नाही, कारण त्याहून हळू चालवली तर सायकल पडते. त्यांना गोगलगायीने ओलांडलेलं मी स्वतः पाहिलं आहे. गोगलगाय घाईत होती हे मान्य, पण ओलांडलं. खडकवासल्याहून हडपसरला पोचायला त्यांना जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात माझ्या क्लासची मुलं नववीतून दहावीत जायची.

मी कोथरूडला गणिताचे क्लास घेते. गणितात अतिशयोक्ती चालत नाही, म्हणून उरलेली सगळी बाहेर वापरते, हे आधीच सांगून ठेवते.

आप्पांच्या हळूपणाला कारण होतं. ते पाटबंधारे खात्यात कॅनॉलवर नोकरीला होते. खडकवासल्याहून निघालेला कॅनॉल पर्वतीच्या पायथ्याने शहराच्या पोटातून जातो, मग हडपसर, लोणी, उरुळी, यवत करत पार इंदापूरच्या बाजूला. त्याला बारा महिने पाणी नसतं. धरणातून आवर्तन सुटलं की काही दिवस वाहतो, नंतर पुन्हा कोरडा ठणठणीत. आवर्तन सुटलं की पाण्याच्या थोडं पुढे सायकल मारत जायचं आणि काठावरच्या लोकांना सांगायचं, पाणी आलं, म्हशी बाहेर काढा, धुणं आवरा, पात्रात कोणी झोपलं असेल तर उठवा. हे आप्पांचं काम. पुढे फोन आले, मग मोबाईल आले, आणि पाण्याची बातमी आप्पांच्या आधी पोचू लागली. खात्याने त्यांना टेबलावर बसवलं. ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आवर्तनाला सायकल काढून पुन्हा पाण्याबरोबर निघाले, या वेळी बिनपगारी.

"पाहुण्याला वेशीपर्यंत सोडायला जातो ना आपण," ते म्हणायचे, "तसं."

पाणी कॅनॉलमधून माणसाच्या चालीने येतं, हे मला पन्नाशीला टेकेपर्यंत ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, धरण उघडलं की धाडकन येत असेल. तसं नसतं. आधी कोरड्या तळावर एक ओली जीभ दिसते. तिच्यापुढे फेस, बाभळीची पानं, निर्माल्य, एक चप्पल. दुसरी चप्पल मी कधीच पाहिली नाही. ही जीभ खड्ड्यापाशी थांबते, खड्डा भरेपर्यंत विचार करते, मग पुढे निघते. आप्पा तिला पाण्याचं तोंड म्हणायचे. खड्ड्याशी तोंड थांबलं की आप्पा एक पाय जमिनीवर टेकून थांबायचे. तोंड निघालं की आप्पा निघायचे. मांजराशी खेळणारा माणूस जेवढा गंभीर असतो तेवढे गंभीर.

आमची ओळख झाली ती माझ्या पंक्चरमुळे. डॉक्टरांनी वजन कमी करा म्हटलं म्हणून मी गुलाबी सायकल घेतली होती आणि तिसऱ्याच दिवशी कॅनॉलच्या कडेने ती ढकलत चालले होते. समोरून बावीस इंची काळी सायकल, भर उन्हाळ्यात कानटोपी, कॅरिअरला कोयता आणि पाण्याचा डबा.

"अहो बाई," ते म्हणाले, "सायकल चालवायची असते. ओढायचीच असेल तर बैल घ्या, तो स्वतः चालतो."

पंक्चर त्यांनीच काढलं. काढता काढता विचारलं, काय करता. म्हटलं, गणित शिकवते.

"म्हणजे नळ आणि टाकी."

"तेही असतं."

"एक नळ टाकी चार तासांत भरतो. मध्ये कोणी बादली लावत नाही?"

"नाही लावत."

"मग ते गणित पुण्याचं नाही," आप्पा म्हणाले आणि सायकलवर बसले.

तेव्हापासून मी त्यांच्या मागे. पुढे आणखी एक जण आला. वाघोलीचा, संगणकावर काम करणारा, लग्नाच्या वयाचा पण लग्न न करता त्या पैशांत सायकल घेतलेला. आम्ही त्याला वाघोलीकरच म्हणायचो. त्याची सायकल एवढी हलकी की वारा सुटला की तो तिला धरून ठेवायचा. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "काका, ॲव्हरेज किती असतो आपला?"

"माझा की पाण्याचा?"

"तुमचा."

"पाण्याला विचारून सांगतो."

आवर्तन नसेल त्या रविवारी आम्ही नदी धरायचो. येरवड्याचा पूल ओलांडून, वाघोलीकराला त्याच्या वाघोलीतून उचलून, केसनंदवरून थेऊरकडे. दोन्हीकडे ऊस, मधूनच मुळामुठा, बगळे, आणि नदीचा वास. त्या वासावर आप्पा एक शब्द बोलू द्यायचे नाहीत. "आपलंच आहे," म्हणायचे. त्यांचा नियम एकच: पाणी दिसेनासं झालं की रस्ता चुकला. वाघोलीकर दर महिन्याला सिंहगडाचा विषय काढायचा. "तिथे काय, पाणी वर चढतं?" आप्पा विचारायचे, आणि विषय संपायचा.

त्यांचे नकाशे लग्नपत्रिकांच्या पाठीवर काढलेले असत. किलोमीटर बिलोमीटर काही नाही. "इथे कुत्रा सज्जन." "इथे कुत्रा सज्जन नाही, मालक आहे." "बाभळीचे काटे, उचलून न्यावी." "बायका धुणं धुतात. उतरून, खाली बघत चालावे." या शेवटच्या खुणेपाशी वाघोलीकर एकदा उतरला नाही. आप्पांनी त्याला काही म्हटलं नाही. पुढचे दोन रविवार त्याला निरोपच गेला नाही. तिसऱ्या रविवारी तो त्या धुण्याच्या दगडांपासून मैलभर आधी उतरला आणि मैलभर नंतर चढला.

आणि पाळी. आप्पांच्या तोंडी दिवसातून चाळीस वेळा एकच वाक्य असायचं, "पाणी ज्याच्या पाळीचं त्याचं." कॅनॉलखालच्या गावात प्रत्येक शेताला ठरलेल्या वेळी ठरलेले तास पाणी मिळतं, ती त्याची पाळी. आप्पांनी हा कायदा कोथरूडला आणला. एका उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर आला, बादल्यांची रांग लागली. अध्यक्षांच्या सूनबाई मध्येच घुसल्या. आप्पा शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर एका खोलीत राहायचे आणि आमच्याच रांगेत उभे असत. त्यांनी सूनबाईंची बादली उचलली, शेवटी नेऊन ठेवली, आणि तिच्या शेजारी स्वतःची ठेवली.

"आता तुम्हाला सोबत आहे," म्हणाले.

एवढा आडमुठा माणूस आयुष्यभर एकाच गोष्टीसाठी झुरत होता, आणि ती लपवायची अक्कल त्यांना नव्हती. त्यांची थोरली बहीण, आक्का, दिली होती टेलच्या गावाला. टेल म्हणजे कॅनॉलच्या फाट्याचं शेपूट. पाणी वरून चारी-चारीत, म्हणजे शेताशेताच्या पाटांत, वाटत वाटत जातं आणि शेपटाला पोचेपर्यंत संपतं. आप्पांना नोकरी लागली तेव्हा आक्का नवी नवरी. ती म्हणाली होती, "तू कॅनॉलवर, आणि माझी चारी कोरडी. एकदा पाणी घेऊन ये बाबा." आप्पा म्हणाले होते, "येतो." एवढंच. क्वचित एखाद्या वर्षी पाणी आक्कापर्यंत पोचायचं, तेव्हा आप्पा यवतला ड्यूटीवर. निवृत्त होऊन ते मोकळे झाले, तर पाणी पोचेना. दर उन्हाळ्यात पाण्याबरोबर निघायचे, कुठेतरी पाणी आटायचं, आणि आप्पा तिथूनच सायकल वळवायचे. बहिणीकडे दिवाळीला जात, लग्नाकार्याला जात, एसटीने जात. पण त्या दिशेला सायकलने कधी गेले नाहीत. सायकलने जायचं तर पाण्याबरोबर.

मग डॉक्टरांनी त्यांची छाती तपासली आणि सायकल बंद सांगितली.

"कधीपासून?" आप्पांनी विचारलं. मी बरोबर होते.

"आजपासून."

"उन्हाळी आवर्तन झाल्यापासून," आप्पांनी दुरुस्ती केली आणि डॉक्टरांचे आभार मानले.

त्या आवर्तनाला आम्ही तिघं निघालो. मी क्लासला सुट्टी दिली आणि पालकांना माझ्या चुलत सासूबाई गेल्याचं कळवलं. त्या मला नव्हत्याच, त्यामुळे कोणाचं नुकसान झालं नाही. चार दिवस लागले. पाणी रात्री झोपत नाही, आपण झोपतो. म्हणून रोज संध्याकाळी ते आम्हाला सोडून पुढे जायचं आणि सकाळी आम्ही पायडल मारत त्याला गाठायचो. गाठलं की आप्पांच्या चेहऱ्यावर असा काही भाव यायचा, की वाघोलीकर आणि मी मुद्दाम मागे रेंगाळायचो. हडपसरच्या इमारती मागे पडल्या, लोणीची गुऱ्हाळं गेली, यवतच्या पुढे काठावर नुसती चिंच आणि करंज. सावलीतून सावलीत. इतक्या हळू मी आयुष्यात कुठे गेलेले नाही, आणि इतकं लवकर काही संपलेलंही नाही.

पुढे मोठा कॅनॉल सोडून आम्ही आक्काच्या गावच्या फाट्याला लागलो. पाणी आमच्याबरोबर वळलं. वाघोलीकराने खिशातून फोन काढला नाही, यावरून काय ते समजा. चौथ्या दिवशी दुपारी आक्काचं घर दिसलं. कौलं, दारात चार लिंबाची झाडं. घर अर्धा मैल समोर आणि पाणी थांबलं. खड्डा नव्हता. नुसतं थांबलं, आणि डोळ्यांदेखत जमिनीत मुरायला लागलं.

आप्पा काठावर बसले. कानटोपी काढली. मी त्यांचं डोकं पहिल्यांदाच पाहिलं, लहान मुलासारखं होतं.

"वर कोणीतरी घेतलं," ते म्हणाले. "पाळी असेल."

मी म्हटलं, जरा पाय मोकळे करून येते, आणि चारीच्या कडेने उलट्या दिशेने निघाले. दहा मिनिटांवर चारी दुभंगली होती. एका बाजूला ऊस, दुसरी सरळ आक्काकडे. मध्ये एक लोखंडी पत्रा. तो पुढच्या खाचेत घातला की पाणी उसाला, उसाच्या खाचेत घातला की पाणी आक्काला. पत्रा पुढच्या खाचेत होता, आणि ओचा खोचून, खोरं घेऊन एक बाई उसाला पाणी देत होती.

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. "पुण्याहून मोठे साहेब आलेत. टेलला पाणी पोचतं का बघायला."

"सायकलवर?"

"डिझेल वाचवतात."

तिने माझ्या गुलाबी सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आन् तुमी त्यांच्या ड्रायव्हर हाय का?"

तेव्हा मी एक गोष्ट केली, जी मला जमत नाही. खरं सांगितलं. आक्का, नवी नवरी, "येतो" म्हटलेलं, डॉक्टर, सगळं.

बाईने खोरं टेकवलं. "आक्काचा भाऊ? पानी घिऊन येनार म्हंती त्यो? आवो, ते खरंच हाय व्हय? आमाला वाटलं, म्हातारी उगंच आपली सांगती." तिने पाण्याकडे पाहिलं. "उद्या अकरा वाजस्तवर माजी पाळी हाय. मग आक्काची. पन तवर वरनं पानी ऱ्हातंय कुटं? कवा बी बंद करत्यात."

"अर्धा तास द्या."

"इसेक मिन्टं. ऊस हाय माजा, लग्नातली पंगत न्हाय."

तिने पत्रा उचलून उसाच्या खाचेत घातला. पाणी पुढे निघालं. मी त्याच्याबरोबर धावले. या वजनाने, या वयात, साडीवर घातलेल्या वाघोलीकराच्या जुन्या बुटांत. पाण्याच्या पुढे पोचले, आणि काही घडलंच नाही असा चेहरा करून आप्पांच्या शेजारी बसले. धापा टाकत.

पाण्याचं तोंड आलं. थांबलेली ओल त्याने गिळली आणि पुढे सरकलं. वाघोलीकर उठून उभा राहिला. आप्पा उठले नाहीत. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, माझ्या बुटांच्या चिखलाकडे पाहिलं.

"हे कोणाच्या पाळीचं?"

"आप्पा, आलंय ना. चला तुम्ही."

"बाई, कोणाच्या पाळीचं?"

मी बुटांचा चिखल गवताला पुसला. पाणी चालत होतं. आक्काच्या घरापर्यंत आता अर्ध्या मैलाच्याही आतलं अंतर. घराच्या दारात पांढरं लुगडं दिसत होतं. तिनेही पाणी पाहिलं असणार, कारण ती हलत नव्हती.

आप्पा उठले आणि पाण्याला पाठ करून चालू लागले. मी मागे. दहा मिनिटांची वाट त्यांनी छातीवर हात ठेवून काढली. पत्र्यापाशी वाकले, तो उसाच्या खाचेतून उपसला आणि पुढच्या खाचेत घातला. आक्काकडचं पाणी तुटलं, आणि पुढे गेलेलं घराच्या अलीकडेच मुरलं.

"पाव्हणं, मीच दिलं व्हतं," ती बाई म्हणाली.

"हो. उपकार झाले. किती मिनिटं गेली?"

"मोजली न्हाईत की."

"मी मोजली. वीस. उद्या आक्काच्या पाळीतली पहिली वीस मिनिटं तुमची."

"आवो ऱ्हाऊ द्या की. उद्यापत्तुर पानी तरी हाय का."

"नसलं तर माझा इलाज नाही. असलं तर वीस मिनिटं तुमची."

मग आम्ही आक्काकडे गेलो. कोरड्या चारीच्या कडेने, सायकली ढकलत. ती तशीच दारात उभी होती, आप्पांपेक्षा बुटकी, आप्पांपेक्षा ताठ.

"आणलंस?"

"नाही."

"दिसलं मला. हात धू आणि जेव."

हंड्यातलं पाणी तिने त्याच्या हातावर घातलं, वाटीने, जपून. मला आप्पांचा एवढा राग आला होता की मी भाकरी चार खाल्ल्या. रागात मी कमी खाते, नाहीतर सहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहालाच आप्पा पत्र्यापाशी जाऊन बसले. मी आणि आक्का मागोमाग. वाघोलीकराला सुट्टी नव्हती, तो पहाटेच पुण्याला निघून गेला होता. आश्चर्य म्हणजे पाणी होतं. थोडं उतरलेलं, पण होतं. मी ते एकटक बघत होते, दूध उतू जाऊ नये म्हणून बघतात तशी, फक्त उलट.

अकरा वाजले. आक्काची पाळी सुरू झाली. आणि तिचा भाऊ तिच्या पाण्यावर पत्रा धरून बसला. उसाची बाईसुद्धा अवघडली, खोरं घेऊन लांब जाऊन उभी राहिली.

"आप्पा," मी म्हटलं, "वर बंद केलं तर?"

"करतील."

"वीस मिनिटांत केलं तर?"

"तर वीस मिनिटांत केलं."

आक्का त्यांच्या शेजारी बसली. कमरेची चंची सोडली, सुपारी कातरली, अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "बारीक झालास."

"तू कुठे जाड आहेस."

पाणी एक बोट उतरलं. मग आणखी अर्धं. मी मनात सगळे देव संपवले आणि शेजारच्या गावांचे सुरू केले. ते दोघं सुपारी चघळत उसाकडे बघत होते, जणू सिनेमा चालला आहे. मी एकदाच आप्पांच्या हाताकडे पाहिलं. पत्र्यावरची बोटं पांढरी पडली होती.

अकरा वीसला आप्पांनी पत्रा काढला आणि उसाच्या खाचेत घातला.

पाण्याचं तोंड वळलं. आक्काच्या दिशेने निघालं. मी आप्पांच्या सायकलीचा स्टँड काढला, हँडल त्यांच्यासमोर धरलं. ते पत्र्यापाशीच बसून राहिले.

"तुम्ही जा तिच्याबरोबर," म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"इथे कोणीतरी बसायला हवं. वाटेत वरच्या कोणी पत्रा फिरवला, तर पोचायचं नाही."

"मी बसते. आप्पा, मी बसते, तुम्ही जा."

"तुम्ही?" ते म्हणाले. त्यात राग नव्हता, तेच वाईट होतं. "तुम्ही कोणालाही पाणी देऊन बसाल, बाई."

मी गेले. आजवर जेवढं वाढवून सांगितलं ते सगळं परत घेते, पण ही वाट आहे तशी सांगते. पुढे पाणी, त्याच्या शेजारी आक्का, मागे मी. दर वीस पावलांनी मी वळून बघायची. पत्र्यापाशी कानटोपी दिसायची, पाठमोरी, वरच्या बाजूला तोंड करून बसलेली. त्यांनी एकदाही इकडे पाहिलं नाही. पहारेकऱ्याने पाहायचं नसतं.

ते पुढच्या हिवाळ्यात गेले. कॅनॉलवर आता मी एकटी जाते. वाघोलीकर लग्न करून गाडीने फिरतो. मागून टकाटक सायकलवाले येतात, "ऑन युअर राइट, काकू" म्हणतात आणि दिसेनासे होतात. त्यांना कुठे जायचं असतं कोण जाणे. पाणी तर मागे असतं.

त्या दिवशी पाण्याबरोबर जाताना आक्का दोनदा थांबली. गुडघा धरून, वाकून, श्वास घेत. पहिल्यांदा थांबली तेव्हा मी खाली पाहिलं, पाणीही थांबलं होतं. तिथे खड्डा नव्हता. ती निघाली, तसं निघालं. दुसऱ्यांदाही तसंच. लिंबाच्या झाडांपर्यंत ते तिच्या पुढे गेलं नाही. हे मी क्लासच्या मुलांना सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, आप्पांना तर त्याच दुपारी सांगितलं. बाकी सगळे हसले. फक्त आप्पांनी विचारलं, "दोनदाच थांबली?"